हात वर करा

रिओनीच्या पुलापासून तिसऱ्या गल्लीत
बाद्रीची खानावळ, तळघरातली.
सात पायऱ्या उतरून यायचं.
खिडकी एकच, रस्त्याच्या पातळीला,
तिच्यातून माणसं दिसत नाहीत, नुसते बूट.
तिथे बावीस वर्षं मी ताटं उचलते.

फेब्रुवारीत वालिको बातमी घेऊन आला:
मे महिन्यापासून आत सिगारेट बंद,
तिकडे त्बिलिसीत ठरलंय.
सांगता सांगताच त्याने एक पेटवली.

मग तीन महिने जेवणाला
दुसरं तोंडीलावणं नव्हतं.

तैमुराझ मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणायचे,
पावासाठी पहाटेपासून रांगेत उभे होतो आम्ही,
अख्खे हिवाळे मेणबत्तीवर काढले,
तेव्हा कोणी विचारलं का आमच्या फुफ्फुसांना?
आता एकाएकी माया कुठून आली?
वालिको म्हणायचा, टॅक्सीत मी ओढतो,
पोरं मागे बसलेली असतात,
आजवर एकही खोकलं नाही.
(थोरला, रेझो, खोकतो. मी ऐकलंय.)
बाद्री कोणाच्याच बाजूचा नव्हता.
तो गल्ल्यावर बोटं मोजायचा.
एकटा झाझा, औषधाच्या दुकानातला पोरगा,
म्हणाला की दुसऱ्याचा धूरसुद्धा
आणि तेवढ्यात कोणीतरी त्याच्या नावाने पेला उचलला.
आमच्याकडे असंच असतं.
ज्याला गप्प करायचं
त्याच्या दीर्घायुष्यासाठी पितात.

मी खिंकालीची ताटं गोळा करत होते.
लोक देठं खात नाहीत, ताटात ठेवतात,
देठं मोजून बिल करायचं.
कधी देठात थोटूक विझवलेलं,
तेही मोजलं जायचं चुकून.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मास्तर म्हणाले,
लोकशाही आहे ना? मग मत घेऊ.
बंदी हवी त्यांनी हात वर करा.
झाझाचा हात.
माझ्या उजव्या हातावर चार ताटं,
डाव्यात तीन ॲशट्रे, एकात एक.
मास्तरांनी खोली मोजली.
खुंटीवरून जावी तशी
नजर माझ्यावरून गेली.
एक विरुद्ध एकोणीस.

मी आत आले, ताटं ठेवली,
आणि मोरीपाशी, नळ चालू असताना,
हात वर केला.
किती उंच करायचा ते कळेना.
पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

कायदा काही आमच्या मतावर थांबला नव्हता. आला.
एकेचाळीस ॲशट्रे बाद्रीने खोक्यात भरले.
आता खोलीत धण्याचा वास येतो, लोणीपावाचा,
कधी ओल्या भिंतीचा.
नातिया फोनवर विचारते, आई, आता बरं वाटतं ना?
लहानपणी ती मला दारातच अडवायची,
आधी अंघोळ, मग जवळ घेईन.
बरं वाटतं, म्हणते मी.
तिला सांगत नाही की
ओतारच्या कोटालाही हाच वास होता,
आणि कोटातून तो केव्हाच उडून गेला,
राहिला होता फक्त इथे.
ओतार धुराने गेला नाही.
झेस्ताफोनीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.
हे मी वादात कधी बोलले नाही.
ते कोणाच्याच बाजूचं नव्हतं.

आता सगळे वर, थंडीत, गल्लीत उभे असतात.
खिडकीतून बूट दिसतात:
मास्तरांचे, टाचा झिजलेले,
वालिकोचे, पुढेमागे करणारे.
झाझाचेही असतात.
तो ओढत नाही, पण गप्पा तिकडे आहेत.
आवाज खाली पोचत नाही.
कोण जिंकतंय ते बुटांवरून ओळखायचं.

काल मास्तर एकटेच खाली आले,
दर पायरीला थांबत.
टेबलाला धरून उभे राहिले, म्हणाले,
त्सिआला, तेव्हा
तुझं मत
विचारायचं राहिलंच.

माझे दोन्ही हात रिकामे होते.
मी खुर्ची ओढली.
आधी बसा, म्हटलं.
धाप लागलीये तुम्हाला.